‘छान झालंय’ एवढं पुरत नाही

बुऱ्हाणपुरात मे महिन्यात लोण्याच्या घड्या घालायच्या, तर पहाटे तीनला उठावं लागतं. दुपारी पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि मध्यरात्र उलटली तरी स्वयंपाकघराची भिंत हाताला कोमट लागते. मैद्याच्या पदरात लोणी न वितळता पसरायला हवं असेल, तर ते १३ ते १६ अंशांच्या आसपास असावं लागतं. म्हणून पोळपाट-लाटणं मी रात्रीच फ्रिजमध्ये ठेवते, ओट्यावर बर्फाची परात ठेवून तो गार करून घेते, आणि एक घडी घालून झाली की गोळा पुन्हा फ्रिजमध्ये टाकते. तिपदरी घडी तीनदा घातली की लोण्याचे २७ थर होतात. ओव्हनच्या धगीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ एकेक थर उचलते आणि पापुद्रे सुटतात. लोणी आधीच वितळलं तर थर उरत नाहीत. हाती येतो तो तेलकट पाव.

ही सगळी खटपट क्वीन-अमान नावाच्या पदार्थासाठी होती. हा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला. तिथल्या ब्रेतॉन भाषेत या नावाचा अर्थच मुळी ‘लोण्याचा केक’. ब्रिटनीत त्यासाठी खारं लोणी वापरतात, त्यामुळे आमच्या किराणा दुकानातलं पिवळं खारट बटर मला नेमकं उपयोगी पडलं. पहिल्या दोन वेळा पदार्थ फसला. तिसऱ्या वेळी पापुद्रे सुटले, तळाला साखरेचा तांबूस थर जमला. घरात सगळ्यांनी खाऊन सांगितलं, छान झालंय. सासूबाईंनी मात्र तुकडा उलटा करून खालून पाहिला, दातांखाली धरला आणि म्हणाल्या, “वरून झालंय. मधलं पीठ अजून ओलं आहे.”

त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. क्वीन-अमान हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

इंदूरला शिकणाऱ्या माझ्या लेकीने चार वर्षांपूर्वी सुट्टीत मला तिच्या लॅपटॉपवर ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही स्पर्धा दाखवली. तेव्हापासून त्यातलं एकेक आव्हान मी माझ्या २८ लिटरच्या ओव्हनमध्ये करून पाहते. माझं माहेर रावेरकडचं, लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले त्याला पंचवीस वर्षं होतील. घरून केकच्या ऑर्डरी घेते. रीतसर नोंदणी केली आहे. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्या माझ्यासारखीला तेव्हा वर्षाला १०० रुपये शुल्क होतं. या चार वर्षांत मी पाव, बिस्किटं, थरांचे केक बरेच शिकले. पण त्या स्पर्धेने मला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच आहे आणि आज तीच सांगायची आहे. घरच्या बाईच्या हाताची खरीखुरी परीक्षा घेणं हा तिचा सन्मान असतो. आपण तिचं कौतुक खूप करतो, पण हा सन्मान तिला देत नाही.

ती स्पर्धा १७ ऑगस्ट २०१० रोजी बीबीसीवर सुरू झाली. २०१७पासून ती चॅनल फोरवर असते. हिरवळीवर एक मोठा तंबू, आत ओळीने ओटे, आणि स्पर्धक सगळे हौशी, आपापल्या घरात भाजणारे. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपला हातखंडा पदार्थ करायचा. तिसऱ्या फेरीत डोळे दिपवणारा, मोठा, सजवलेला पदार्थ. मला भावते ती मधली, टेक्निकल म्हणतात ती फेरी. सगळ्यांना सारखंच साहित्य मिळतं. सोबत एक कागद, त्यावर कृती अगदी तोकडी. किती वेळ, किती आच, पीठ किती सैल, हे त्यात नसतंच. कधी कधी एका पायरीला नुसतं ‘भाजून घ्या’ एवढंच लिहिलेलं असतं. झालेले पदार्थ एका लांब टेबलावर ओळीने मांडतात आणि परीक्षक येतात, तेव्हा कोणता पदार्थ कोणाचा हे त्यांना ठाऊक नसतं. ते कापतात, आतलं बघतात, चाखतात आणि सगळ्यांच्या देखत कारणं सांगतात: याचा तळ ओला आहे, याला पाच मिनिटं जास्त झाली, याचे थर सारखे आहेत.

मी पाहायला सुरुवात केली ती २०१४च्या पर्वापासून, कारण त्यात आपल्या मध्य प्रदेशाची बाई होती. चेतना मकन मूळची जबलपूरची. मुंबईत फॅशन डिझायनर म्हणून काम केलेली आणि लग्नानंतर इंग्लंडात गेलेली. वेलची, बडीशेप, केशर हे आपले वास तिने त्या तंबूत नेले आणि उपांत्य फेरी गाठली. त्या फेरीतलं टेक्निकल आव्हान होतं जर्मनीचं शिख्टटोर्टे. पातळ मिश्रणाचा एक थर ओतायचा, वरच्या आचेखाली तो लाल होऊ द्यायचा, मग त्यावर दुसरा, असे वीस. चेतना तिथून पुढे गेली नाही. पण मला आठवतो तो तिचा चेहरा. परीक्षक एकेक थर मोजत असताना ती मान वर करून ऐकत होती.

माझ्या ओव्हनची फक्त वरची कांडी लावून मी ते शिख्टटोर्टे केलं. आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, म्हणून दही आणि कंडेन्स्ड मिल्क घेतलं. अकरा थर जमले. सासूबाईंनी काप हातात घेऊन आडवा धरला आणि म्हणाल्या, “वरून विस्तव ठेवून भाजलंयस. खालचे थर दर वेळी पुन्हा शेकले जातात, म्हणून गच्च झालेत.” गोव्यात बेबिंका करणाऱ्या बायकांना ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नारळाच्या दुधाचा एक थर, त्याच्यावर वरून निखाऱ्यांची धग, मग पुढचा थर. त्या बेबिंक्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव कागदावर आलं याचा आनंद आहेच. पण चांगला बेबिंका कोणता आणि बरा कोणता, हे नेमक्या शब्दांत सांगणारा माणूसही टिकायला हवा.

पाच वर्षांपूर्वी शहरातल्या एका पाककला स्पर्धेत माझ्या केकला पहिला क्रमांक मिळाला. वर गुलाबाच्या वेली, कडेला जाळी. दोन दिवस राबून सजवला होता. परीक्षक टेबलापाशी आले, वाकून बघितलं, फोटो काढले, पुढे गेले. सुरी कोणी लावलीच नाही. मला स्टीलचा डिनर सेट मिळाला, टाळ्या मिळाल्या. घरी आणून केक कापला तर गाभा कच्चा. सासूबाईंनी कच्च्या गाभ्याला बोट लावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “मग बक्षीस कशाचं दिलं त्यांनी?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. बक्षीस बहुधा मी बाई आहे, घर सांभाळून एवढं करते, याचं होतं. तसं असेल तर ते मला नको आहे. ज्या कामात मी रात्री घालवल्या, त्या कामाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. त्या तंबूतला सर्वांत वाईट केकसुद्धा कापला जातो. तो का बिघडला हे परीक्षक वेळ देऊन सांगतात, आणि त्या माणसाला पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. २०१४च्याच पर्वात आइस्क्रीम वितळलं म्हणून रागाच्या भरात एका स्पर्धकाने आपला पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो स्पर्धेबाहेर गेला, कारण चाखायला काही उरलंच नव्हतं. फसलेला पदार्थही समोर आणून ठेवायचा असतो, हे मी तिथे शिकले. आपल्या घरांत फसलेला पदार्थ गुपचूप गाईच्या घमेल्यात जातो आणि का फसला हेही त्याच्याबरोबर जातं.

यावर कोणी म्हणेल, बायकांना बोलणी काय कमी मिळतात? ताटावर बसल्या बसल्या मीठ कमी, तिखट जास्त, कालची भाजी बरी होती, हे तर रोजचंच. खरं आहे, आणि मला ते मान्य आहे. पण तो टोमणा झाला. परीक्षण निराळं. टोमणा मारणाऱ्याला मीठ कमी आहे एवढंच कळतं. परीक्षण करणाऱ्याला ते काम यावं लागतं. त्या स्पर्धेच्या पहिल्या परीक्षकांपैकी मेरी बेरी या जन्मभर पाककृतींची पुस्तकं लिहिणाऱ्या, आणि पॉल हॉलिवूड हे बेकरीवाल्याच्या घरात वाढलेले, स्वतः पाव भाजणारे. त्यांच्या बोलण्याला वजन येतं ते हातामुळे. आमच्या घरी माझ्या सासूबाईंच्या बोलण्याला वजन आहे तेही हातामुळेच.

आणि परीक्षणासाठी भाषा आपल्याकडे नाही असं तर मुळीच नाही. पाक कच्चा की पक्का, एकतारी की दोनतारी. अनारशाला जाळी पडली की नाही. शंकरपाळ्याला मोहन कमी पडलं, म्हणून तो कडक झाला. करंजी खुसखुशीत आहे की वातड. चकली मोडताना कट्‌ असा आवाज येतो की नाही. पुरण सैल राहिलं, कडा जाड राहिल्या, भाकरी चिरली, पीठ नीट तिंबलं नाही. माझ्या माहेरच्या आजीला असे शंभर शब्द येत असतील. माझ्या लेकीच्या पिढीला दोन येतात, ‘यम्मी’ आणि ‘सुपर’. शब्द गेले की नजर जाते. नजर गेली की हातही सैल पडतो. केकच्या तोंडावर ‘सुपर’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कधी विचारते, काय आवडलं? ते गोंधळून म्हणतं, सगळंच. मला त्यातून पुढच्या केकसाठी काहीही मिळत नाही.

बिनअंड्याच्या केकबद्दल बोलताना हे आणखी नीट दिसतं. माझे सगळेच केक बिनअंड्याचे असतात. लोक खातात आणि म्हणतात, अंडं नसूनही चांगला आहे. त्या ‘नसूनही’मध्ये एक सूट आहे, आणि ती सूट मला बोचते. अंडं केकमध्ये तीन कामं करतं: हवा धरून ठेवतं, मिश्रण बांधून ठेवतं, ओलावा देतं. बांधणीसाठी आणि ओलाव्यासाठी आमचा जिल्हा मला केळं देतो. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत बुऱ्हाणपूरची केळीच निवडली गेली आहे. पुरतं पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं केळं कुस्करून साधारण ६० ग्रॅम घेतलं की एका अंड्याच्या जागी चालतं. हवेचं काम अवघड. त्यासाठी मी काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून फेटते. फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४मध्ये दाखवलं की कडधान्याच्या अशा पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो. वाचलं तेव्हा मला पुरणाची डाळ शिजताना पातेल्यावर चढणारा फेस आठवला. तो आपण डावेने काढून टाकतो आणि खालच्या कटाची आमटी करतो. दहा-बारा मिनिटं फेटून, थोडी थोडी साखर घालत गेलं की भांडं उलटं केलं तरी फेस पडत नाही. मग तो १०० अंशांवर दीड-दोन तास वाळवायचा. या पदार्थाला ‘अंडं नसूनही’ म्हणायचं कारण उरत नाही. तो फुलला की नाही, करकरीत झाला की नाही, एवढंच पाहा.

पुण्याच्या प्राची धबल देब यांचं काम मला म्हणूनच थोर वाटतं. रॉयल आयसिंग ही इंग्लंडच्या राजघराण्यातल्या केकांची नाजूक नक्षीची कला, आणि ती उभी राहते अंड्याच्या पांढऱ्यावर. प्राचीताईंनी ती इंग्लंडात जाऊन शिकून घेतली आणि अंड्याशिवायच्या आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोंची प्रतिकृती उभी केली. त्यांनी सूट मागितली नाही. त्या कलेच्या मोजपट्टीनेच आपलं काम मोजून घेतलं आणि ते पुरेपूर उतरलं.

नादिया हुसेनची गोष्टही मी लेकीला वरचेवर सांगते. बांगलादेशी आईबापांच्या पोटी इंग्लंडात जन्मलेली, तीन मुलांची आई. तिच्या माहेरी ओव्हन होता, पण आईने तो कढया-तवे ठेवायला वापरलेला. ओव्हनमध्ये पदार्थ भाजतात हे तिला शाळेतल्या बाईंनी दाखवलं. २०१५च्या अंतिम फेरीत तिने लग्नाचा केक केला, कारण तिच्या स्वतःच्या लग्नात केक नव्हता, आणि त्याला साड्यांचे पदर सोडले. सव्वा कोटीहून अधिक लोक ती फेरी पाहत होते. ती जिंकली, आणि पुढच्या वर्षी राणी एलिझाबेथच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिने केला. त्या विजयाला किंमत आली, कारण त्याआधी दहा आठवडे तिचा प्रत्येक पदार्थ कापून पाहिला गेला होता. एकदाही तिला बिचारी म्हणून पुढे सोडलं नव्हतं.

आता आपल्या गावाकडे येते. बुऱ्हाणपूरला लोक कुंडी भंडारा बघायला येतात. १६१५ साली बांधलेली ती जमिनीखालची पाण्याची रचना, तापीकाठचा शाही किल्ला, १६३१ साली मुमताज महल इथे वारली ती जागा, हे सगळं पाहतात आणि जाताना मावा जिलेबी घेतात. मुंबईत मोहम्मद अली रोडवरही बुऱ्हाणपूरच्या नावाने ती विकली जाते. पण इथला दराबा पाहा. रवा, तूप, पिठीसाखर, साहित्य एवढंच. तूप-साखर हाताने फेसत राहायचं, ते पांढरं आणि हलकं होईपर्यंत. बेकिंगच्या पुस्तकात लोणी आणि साखर फेटण्याची पहिली पायरी असते, ती हीच. साखरेचे कण तुपात हवा कोंडतात. चांगला दराबा जिभेवर टेकताच विरतो, बरा दराबा टाळूला चिकटतो. हा फरक सांगता येणारी माणसं आमच्या गल्लीत आता दोन-तीन उरली आहेत.

आणि मांडे. बाजारात उलट्या कढईवर हातरुमालासारखे फिरवून टाकलेले मांडे आहेतच. खानदेशी मराठी घरांतले पुरणाचे मांडे निराळे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर ते लागतातच. गहू ओलवून दळायचा, पीठ वस्त्रगाळ करायचं, कणीक सैल भिजवून तार येईपर्यंत तिंबायची, दोन लाट्यांमध्ये पुरण भरायचं, आणि मग पोळपाट सोडून तो मांडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत वाढवायचा. शेवटी चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. एक बोट चुकलं की फाटला. मी एवढी वर्षं परदेशी आव्हानं करत होते, आणि घरातल्या या आव्हानाला हात लावला नव्हता. गेल्या वर्षी आखाजीच्या आधी सासूबाईंना म्हटलं, शिकवा. त्यांनी सांगितलेली कृती त्या तंबूतल्या कागदापेक्षा तोकडी होती: “सैल भिजव. तिंब. झालं की हाताला कळतं.” किती पाणी, किती वेळ, काही नाही. आपल्या आज्या-आयांनी जन्मभर टेक्निकल फेरीच दिली आहे. फक्त टेबलापाशी येऊन मांडा उलगडून पाहणारं, कारण सांगणारं कोणी आलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आमच्या गावातल्या, आणि रावेर, यावल, मुक्ताईनगर, भुसावळपर्यंतच्या महिला मंडळांनी यंदा आखाजीच्या आधी मांड्यांची स्पर्धा घ्यावी. सजावटीचे गुण ठेवू नयेत. सगळ्यांना सारखा गहू, सारखी डाळ, सारखं खापर. ताटावर नाव न लावता नंबर लावावा, म्हणजे कोणाची सून, कोणाची जाऊ हा प्रश्न उरणार नाही. परीक्षक रोज मांडे करणारी बाई असावी आणि बाजारातला एखादा मांडेवाला कारागीर असावा. त्यांनी प्रत्येक मांडा हातात घ्यावा, मोडावा, चाखावा, आणि काय साधलं, काय चुकलं ते मोठ्याने सांगावं. कोणीतरी ते वहीत लिहून ठेवावं. चार-पाच वर्षांत त्या वहीत या कामाची सगळी भाषा जमा होईल. बक्षीस रोख असावं. अर्ध्या किलोच्या केकचे साडेतीनशे रुपये मला गिऱ्हाईक न बोलता देतं आणि पुरणाच्या मांड्याला चाळीस रुपये सांगितले की घासाघीस करतं. जे पारखता येत नाही त्याला मोल देणं माणसाला जड जातं. आधी पारखायला शिकू, मग मोलही येईल.

मी मांडे शिकले का? अकरा फाटले, बारावा खापरावर पोचला. सासूबाई म्हणाल्या, “कड जाड राहिली.” दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कणीक भिजवली.

पण मला सांगायचं आहे ते आखाजीच्या दिवसाचं. त्यांनी केलेला मांडा ताटात आला. दर वर्षी मी म्हणते तसं ‘छान झालाय’ म्हणणार होते, पण या वेळी थांबले. तो उलगडून उजेडात धरला आणि म्हटलं, “आई, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा पातळ आहे. पुरण कुठे गोळा झालेलं नाही. पदर सुटलाय, तरी तुटलेला नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. पन्नास-साठ वर्षं त्या मांडे करतायत, आणि त्यांचा मांडा असा कोणी वाचून दाखवला नव्हता. हातातलं उलथणं त्यांनी खाली ठेवलं, माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, “आणि?”

मी नीट पाहिलं. म्हटलं, “इथे, या बाजूला, थोडा जास्त भाजलाय.”

“हो,” त्या म्हणाल्या, “तिथे जाळ वर आला होता. मला कळलं होतं.” आणि पुढची लाटी हातात घेतली.